एबीएसच्या दिव्याचे निदान : रत्नागिरीतील एका गॅरेजचे परीक्षण

एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागलेल्या गाडीचा एखादा भाग बदलून देणारी गॅरेजे रत्नागिरीत बरीच सापडतील. परंतु तो दिवा नेमका कशामुळे लागला हे शोधण्याचे काम वेगळी सेवा म्हणून, त्याचे पैसे आधी सांगून करणारे गॅरेज माझ्या पाहण्यात एकच आहे. एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गॅरेजचे नाव येथे देत नाही, कारण दारात उभ्या असलेल्या गाड्याच आवरत नाहीत, त्यात आणखी भर नको, असे मालकांनी स्वतःच सांगितले. त्यांना सगळे भाऊ म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणते. नाव नसलेल्या गॅरेजचे परीक्षण वाचून काय करायचे, हा प्रश्न रास्त आहे. पण भाऊंकडे पाहण्यासारखी गोष्ट आहे ती त्यांची कामाची पद्धत, आणि ती पद्धत आपापल्या गावच्या मेकॅनिककडे आग्रहाने मागता येते.

भारतात एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलच्या आणि एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सर्वच नव्या प्रवासी मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. त्या गाड्या आता वॉरंटीच्या बाहेर पडल्या आहेत, त्यांची बेअरिंगे, टायर आणि बॅटऱ्या एकेकदा बदलून झाल्या आहेत, आणि कोकणातला पाऊस व खारा वारा त्यांनी बऱ्यापैकी खाल्ला आहे. चाकाजवळचे वेग मोजणारे सेन्सर, त्यांचे कपलर (तारांचे जोड) आणि त्यांच्यासमोर फिरणाऱ्या, गंजणाऱ्या रिंगा यांना त्रास द्यायला यापेक्षा अधिक काही लागत नाही. त्यामुळे या दुरुस्तीची मागणी वाढली आहे, आणि अंदाजाने भाग बदलत जाण्याची सवयही तिच्याबरोबर वाढली आहे.

आमच्या हॅचबॅकचे पुढचे डावे बेअरिंग आवाज करू लागले म्हणून ते दुसरीकडे बदलून घेतले होते. आवाज गेला, पण त्याच संध्याकाळी एबीएसचा दिवा लागला तो विझेना. बेअरिंग बदलणाऱ्यांनी गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, डाव्या पुढच्या चाकाच्या सेन्सरचा कोड आला, आणि त्यांनी नवा सेन्सर बसवला. दिवा तसाच राहिला. पुढे एका अधिकृत सेवा केंद्राने तोच कोड वाचला, सेन्सर नवाच आहे हे पाहिले, आणि आता एबीएसचे संपूर्ण युनिट बदलावे लागेल असे सांगून चाळीस हजारांच्या घरातले अंदाजपत्रक हातात ठेवले. दोन्ही ठिकाणी कोड बरोबर वाचला गेला होता. चूक होती ती त्या कोडवरून काढलेल्या निष्कर्षात.

भाऊंचे सगळे काम या एका फरकावर उभे आहे. सी ००३५ यासारखा कोड सामान्यतः डाव्या पुढच्या चाकाच्या वेग-सेन्सरच्या सर्किटकडे बोट दाखवतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर असतो, त्याच्या दोन तारा असतात, कपलर असतो, तारांच्या दुसऱ्या टोकाला एबीएस युनिटमधला संगणक असतो, आणि सेन्सरसमोर चाकाबरोबर फिरणारी रिंग असते. संगणकाला एवढेच कळते की तीन चाकांचा वेग येतो आहे आणि चौथ्याचा येत नाही. साखळीतली कोणती कडी तुटली हे त्याला कळत नाही. ते माणसाने मोजून काढायचे असते.

भाऊंच्या पद्धतीत स्कॅनर पहिला येत नाही. पहिली येते बॅटरी. इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास आहे का, स्टार्टर फिरवताना फार खाली जाते का, आणि इंजिन चालू झाल्यावर चार्जिंग चौदाच्या जवळ पोहोचते का, हे ते मल्टीमीटरवर पाहतात. एबीएसचा पंप चालतो तेव्हा भरपूर करंट ओढतो, आणि व्होल्टेज कमी पडले की संगणक स्वतःहून यंत्रणा बंद ठेवून दिवा लावतो. अशा गाडीत सेन्सर शोधत बसणे म्हणजे निव्वळ वेळ घालवणे. त्यानंतर ते चारही टायरांवरचे आकडे वाचतात. एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर असेल तर ते चाक सतत निराळ्या वेगाने फिरते, आणि काही गाड्यांत तेवढ्यावरूनही कोड येतो. मग ब्रेक ऑइलची पातळी पाहतात, आणि इग्निशन चालू केल्यावर दिवा काही सेकंद लागून विझतो की लागलेलाच राहतो, की मुळात लागतच नाही, हेही पाहतात. दिवा अजिबात लागला नाही तर त्यांच्या कपाळावर आठी पडते, कारण आधीच्या कोणीतरी तो काढून टाकला असण्याची शक्यता असते.

स्कॅनर जोडल्यावर सर्व कोडांचा मोबाइलवर फोटो काढला जातो, आणि त्याआधी कोणालाही ते पुसू दिले जात नाहीत. मग चारही चाकांच्या वेगाचे आकडे पडद्यावर एकाखाली एक लावून भाऊ गाडी आवारातच हळूहळू सरळ चालवतात. आमच्या गाडीत तीन आकडे एकत्र चढत-उतरत होते आणि चौथा शून्यावर बसून होता. गाडी पुन्हा आत आली, जॅकवर चढली, चाक निघाले, आणि कपलर सोडून तारांवर येणारा पुरवठा मोजला गेला. तो पुरेसा होता. आमच्या गाडीतला सेन्सर हा पुरवठा लागणाऱ्या, म्हणजे सक्रिय प्रकारचा होता. हा सेन्सर चुंबकीय पट्टे समोरून सरकले की करंट साधारण सात मिलिअँपियर आणि चौदा मिलिअँपियर अशा दोन पातळ्यांत बदलत राहतो, आणि संगणक हे बदल मोजून वेग काढतो. अशा सेन्सरचा रोध ओहममध्ये मोजण्याला काही अर्थ नसतो. जुन्या, गुंडाळीच्या सेन्सरला लागू पडणारी ती तपासणी इथे करून ‘सेन्सर गेला’ असे ठरवणारे मेकॅनिक अजून भेटतात.

यानंतर जे पाहायला मिळाले त्यासाठीच खरे तर हे परीक्षण लिहावेसे वाटले. भाऊंनी सेन्सर नकलमधून, म्हणजे चाकाचे बेअरिंग ज्यात बसते त्या भागातून, बाहेर काढला, पण कपलर जोडलेलाच ठेवला. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली एक लाकडी काठी त्यांनी घेतली, जिच्या टोकाला एका जुन्या बेअरिंगची चुंबकीय रिंग स्क्रूने अशी बसवली होती की ती बोटाने गरगर फिरावी. ती रिंग सेन्सरच्या तोंडासमोर, अगदी मिलिमीटरभर अंतरावर धरून त्यांनी फिरवली आणि पडदा माझ्याकडे वळवला. गाडी जॅकवर स्थिर होती, तरी डाव्या पुढच्या चाकाचा वेग सहा, नऊ, चौदा असा उड्या मारत होता. ‘ताई, सेन्सर बरा, वायरिंग बरे, आणि चाळीस हजारांचे युनिटसुद्धा बरे,’ एवढेच ते म्हणाले. त्या एका फिरवण्यात तिन्ही कड्या तपासून झाल्या होत्या. उरली होती ती बेअरिंगमधली रिंग.

आजच्या बऱ्याच गाड्यांत दात असलेली वेगळी रिंग नसते. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच उत्तर आणि दक्षिण ध्रुवांचे पट्टे आलटून पालटून भरलेले असतात. दिसायला ते साधे रबरी सील वाटते, नुसत्या डोळ्यांना पट्टे दिसत नाहीत. म्हणूनच बेअरिंग प्रेसमध्ये घालताना ही बाजू सेन्सरकडे आहे याची खात्री करावी लागते. ड्राइव्हशाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) बाहेर काढल्यावर भाऊंनी खिशातून पत्त्याएवढे एक हिरवट कार्ड काढून बेअरिंगच्या आतल्या बाजूला टेकवले. कार्ड कोरेच राहिले. मग हब (ज्यावर चाक बसते तो भाग) व बेअरिंग प्रेसवर काढून तेच कार्ड दुसऱ्या बाजूला टेकवले, आणि त्यावर गोलाकार, एकसारख्या अंतराने, गडद व फिक्या रेघा उमटल्या. बेअरिंग उलटे बसवले होते. चाक व्यवस्थित फिरत होते, आवाज नव्हता, फक्त सेन्सर चुंबक नसलेल्या बाजूकडे तोंड करून बसला होता. असे दाबून बसवलेले बेअरिंग काढताना बहुधा निकामी होते, त्यामुळे नवे घ्यावे लागले. ते बसल्यावर दिवा तिथल्या तिथे विझला नाही. बऱ्याच गाड्यांत यंत्रणा चाकांचे वेग पाहून आणि गाडी थोडी चालल्यावर पंप क्षणभर फिरवून स्वतःची खात्री करून घेते, आणि मगच दिवा जातो. रस्त्याला लागल्यावर थोड्याच अंतरात तो गेला.

निदानाचे हजार रुपये, आणि बेअरिंग व प्रेसच्या कामाचे वेगळे, असा हिशेब झाला. एकूण रक्कम त्या अंदाजपत्रकाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होती. निदानाचे पैसे दुरुस्ती तिथे केली नाही तरी द्यावे लागतात, आणि केली तरी ते बिलातून वजा होत नाहीत. काही ग्राहकांना हे खटकते. ‘नुसते बघायचे हजार रुपये?’ हे वाक्य तिथे बसल्या बसल्या कानावर आलेच. मला ही रचना योग्य वाटते. ज्या गॅरेजचे उत्पन्न केवळ विकलेल्या भागांवर अवलंबून असते, त्याला भाग विकण्याची घाई असणे स्वाभाविक आहे. जिथे शोधण्याचेच पैसे मिळतात, तिथे ‘काहीही बदलू नका’ असे सांगणे परवडते.

आमच्या धाकट्या दिरांची जुनी सेडान नंतर याच गॅरेजला नेली, आणि तिचे दुखणे अधिक फसवे होते. गाडी चालताना तिचा दिवा लागतच नव्हता, कोड एकही नव्हता. परंतु कोरड्या डांबरी रस्त्यावर सिग्नलला गाडी थांबत येताना, वेग अगदी कमी झाला की, पेडलखाली करकर होऊन गाडी हातभर पुढे सरकायची. निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरणे ही एबीएसची नेहमीची चाल आहे, आणि ती बिघाड समजून येणाऱ्यांना भाऊ तसेच परत पाठवतात. हा प्रकार मात्र तो नव्हता. या गाडीत ड्राइव्हशाफ्टवर दातेरी लोखंडी रिंग आणि समोर गुंडाळीचा निष्क्रिय सेन्सर होता. या सेन्सरला बाहेरून पुरवठा लागत नाही. दात समोरून सरकले की तो स्वतःच थोडा विद्युतदाब निर्माण करतो, आणि वेग उतरत गेला की तो दाबही उतरत जातो. रिंगेखाली गंज फुगून ती एका जागी तडकली होती. तडकेपाशी दातांमधले अंतर वाढल्यामुळे प्रत्येक फेऱ्यात एकदा ठोका चुकायचा. वेगात असताना संगणक ते पोटात घालत असे. पण वेग उतरल्यावर चुकलेला ठोका म्हणजे चाक एकाएकी थांबले, असा त्याचा समज होई, आणि चाक लॉक होऊ नये म्हणून तो त्या चाकाचा ब्रेक सोडून देई. यंत्रणा आपले काम चोख करत होती, तिला मिळणारी बातमी तेवढी खोटी होती.

हे दोष आकड्यांच्या रांगेत सापडत नाहीत, कारण पडद्यावरचे आकडे पुरेशा चपळाईने बदलत नाहीत. भाऊंनी येथे विद्युतदाबाची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप जोडला, मदतनिसाला चाक हाताने एका लयीत फिरवायला सांगितले, आणि पडद्यावर एकसारख्या लाटांमध्ये दर फेऱ्याला येणारी एक रुंद, वाकडी लाट दाखवली. मग चाकावर खडूची खूण करून, ती लाट आली की चाक थांबवून, तडा नेमका कुठे आहे हे आधी सांगितले आणि नंतर टॉर्च मारून दाखवला. केसाएवढी ती चीर गंजाच्या थराखाली अशी लपली होती की आधी जागा ठाऊक नसती तर नजरेतून सुटली असती. सबंध ड्राइव्हशाफ्ट न बदलता केवळ रिंग बदलली गेली, आणि तिच्याखालचा गंज खरवडून जागा स्वच्छ केल्याशिवाय नवी रिंग बसवायची नाही, या बाबतीत भाऊ हटून बसले. नाही तर नवी रिंगही त्याच जागी तडकते, असे त्यांचे म्हणणे.

ऑनलाइन हजाराच्या आत मिळणारे, मोबाइलला ब्लूटूथने जोडायचे छोटे ओबीडी (गाडीच्या संगणकातले दोष वाचण्याची ठरलेली पद्धत) प्लग घेऊन पुष्कळजण तिथे येतात, आणि ‘यात तर काहीच दोष दाखवत नाही’ असे सांगतात. ते खोटे नसते, पण अपुरे असते. या प्लगांसोबतची साधी अॅप ओबीडीचा सर्वांसाठी समान असलेला भाग वाचतात, आणि तो मुख्यतः इंजिन व धुराशी संबंधित आहे. एबीएसच्या संगणकाशी बोलण्यासाठी त्या त्या कंपनीच्या पद्धतीचे ज्ञान असलेले सॉफ्टवेअर लागते. काही सशुल्क अॅपांत ते ठराविक गाड्यांपुरते असते. शिवाय या स्वस्त प्लगांवर छापलेले आवृत्तीचे आकडे विश्वास ठेवण्याजोगे नसतात. ईएलएम ३२७ ही मूळ चिप बनवणाऱ्या कॅनडातील कंपनीने १.५ अशी आवृत्ती कधी काढलीच नव्हती, तरी बाजारातल्या असंख्य प्लगांवर ती मिरवत असते. स्वतःसाठी स्कॅनर घ्यायचाच असेल तर आपल्या गाडीच्या मॉडेलसाठी तो एबीएसचे कोड वाचतो काय, आणि चारही चाकांचे वेग एकाच वेळी दाखवतो काय, हे दोन प्रश्न विकत घेण्यापूर्वी विचारावेत. दुसऱ्याचे उत्तर नाही असेल तर घेऊ नये, असे माझे मत आहे.

काही कामे भाऊ करत नाहीत. एबीएसचा फ्यूज काढून किंवा डॅशबोर्डमधला दिवाच बंद करून गाडी ‘विकण्यालायक’ करून देण्याची मागणी माझ्यासमोर झाली, तेव्हा त्यांनी ती रागाचा लवलेश न आणता पण ठामपणे नाकारली. फ्यूज काढला तर साधे ब्रेक लागतात हे खरे. पण मागच्या चाकांवरचा ब्रेकचा दाब सांभाळणारी ईबीडी यंत्रणाही त्याच युनिटमध्ये असते, ती गेली की जोरात ब्रेक मारताना मागची चाके आधी लॉक होऊन गाडी आडवी जाण्याचा धोका असतो. म्हणूनच पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला, आणि हँडब्रेक सोडलेला व ऑइलची पातळी योग्य असूनही तो जात नसला, तर गाडी चालवत न आणता उचलून आणा, असे ते फोनवरच सांगतात.

उणिवा आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. लेखी अहवाल मिळत नाही. कोडांचे फोटो आणि मोजलेले आकडे व्हॉट्सअॅपवर मागून घ्यावे लागतात, आणि पक्के बिलही मागितल्यावरच मिळते. निदानाचे काम भाऊ एकटेच करतात; मदतनीस चाक काढण्यात तरबेज आहे, पण पडद्यावर काय दिसते आहे हे तो सांगू शकत नाही, आणि भाऊ गावाला गेले की ही सेवा बंद. गाडी वर उचलणारी लिफ्ट नाही, सगळे जॅक आणि स्टँडवर चालते. पावसाळ्यात पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाणी येते, त्यामुळे उघड्या हबचे काम करायचे असेल तर आतली एकच जागा रिकामी होण्याची वाट पाहावी लागते. वेळ ठरवून गेले तरी अर्धा दिवस सहज जातो, आणि बसायला एक प्लास्टिकची खुर्ची आहे, तीही बहुधा कोणाच्या तरी कपलरखाली गेलेली असते.

क्षमतेच्याही मर्यादा आहेत. भारतात खूप विकल्या जाणाऱ्या जपानी, कोरियन व देशी गाड्यांवर त्यांचा स्कॅनर व्यवस्थित चालतो. महागड्या युरोपीय गाड्या ते सरळ नाकारतात. युनिट खरोखरच निकामी असेल तर बदललेल्या युनिटचे कोडिंग, म्हणजे ते त्या गाडीशी जुळवून घेण्याचे काम, ते करून देत नाहीत, कोल्हापूरला पाठवतात. एबीएस युनिटच्या आत हवा शिरली तर ती काढण्यासाठी स्कॅनरने त्याचा पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात. ही सोय त्यांच्याकडे मोजक्याच मॉडेलांसाठी आहे, आणि जिथे नाही तिथे ते ब्रेकचे पाइप सोडण्याच्या कामाला हातच लावत नाहीत. हे आधी विचारून घेतलेले बरे.

जाणाऱ्यांनी गाडीवर याआधी झालेल्या कामांची बिले, विशेषतः बेअरिंग, टायर, ड्राइव्हशाफ्ट आणि बॅटरीची, सोबत न्यावीत, कारण भाऊंचा पहिला प्रश्न ‘दिवा लागण्याच्या आधी गाडीला कोणाचा हात लागला होता?’ हाच असतो. गाडी धुऊन नेऊ नये. कपलरमधले पाणी आणि चाकाजवळचा चिखल त्यांना जसाच्या तसा पाहायचा असतो. कोड पुसून तर मुळीच नेऊ नये. सोमवारी गॅरेज बंद असते, आणि स्कॅनरचे काम जेवणाच्या सुट्टीनंतर सहसा हाती घेतले जात नाही, म्हणून सकाळी लवकर पोहोचावे.